बोडीत पाणी किती? दुसऱ्या सत्राच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

विषय मंजूर झाला. दुसऱ्या सत्राच्या कॅल्क्युलसच्या पेपरात इंटिग्रेशनच्या (बारीक काप जोडून एकूण काढण्याच्या) रीती, त्यांचे उपयोग, इम्प्रॉपर इंटिग्रल आणि सिरीज (न संपणाऱ्या बेरजा) एवढा माल आहे. प्रकल्प 'उपयोग' या भागावर करायचा. बहुतेक गट गोलाचं आणि शंकूचं घनफळ काढून, रंगीत पेनानं आकृत्या रंगवून देतात. आम्ही तिघांनी सरांना सांगितलं, आमच्या मोठेबाबांच्या बोडीत पाणी किती आहे ते काढतो. सर हो म्हणाले, पण अट घातली. नुसता आकडा चालणार नाही. त्या आकड्याच्या मागंपुढं किती, आणि तेवढंच का, हेही लिहायचं.

बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी थोडं: आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात. इकडं धानाची शेती आणि तलाव हे एकाच श्वासात बोलतात. मोठे ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडं आले. बोडी त्याहून लहान, ज्याच्या त्याच्या शेतातली. एका बाजूला मातीची पाळ, बाकी तिन्ही बाजूंनी जमीन चढत गेलेली. पाणी सोडायला पाळीखालून तुडुम, जास्तीचं जायला सांडवा. मोठेबाबांच्या बोडीच्या तुडुमात आता सहा इंची पीव्हीसी पाईप आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर पाळीवर बसून रीत ठरवली. (मोबाईलला रेंजही इथंच येते, त्यामुळं एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीच्या ऑनलाइन तासांचे व्हिडिओ पाहायचे तरी पाळीवरच.)

मित्राचं म्हणणं होतं की ढीवरकाकांचा डोंगा घ्यावा आणि जागोजागी बांबू टाकून खोली मोजावी. ते करता येईल, पण बोडीच्या तळाला गाळ आहे. बांबू त्यात रुततो आणि तळ कुठं सुरू झाला ते कळत नाही. त्यापेक्षा सोपं काम पाणी स्वतःच करून देतं. आता पाणी उतरत जाणार, मे पर्यंत बोडी जवळपास कोरडी होणार. साचलेलं पाणी सगळीकडं सारख्या पातळीला असतं, म्हणजे त्या दिवशीचा काठ ही त्या उंचीची समपातळी रेषाच. दर अर्धा मीटर पाणी उतरलं की काठ मोजायचा आणि आतलं क्षेत्रफळ काढायचं. पातळी तेवढी क्षेत्रफळं मिळाली की उंचीवर इंटिग्रेशन, की झालं घनफळ. पुस्तकात 'काप घेऊन घनफळ' म्हणून जी रीत आहे ती हीच. फक्त इथं काप आपल्याला करावे लागत नाहीत.

डोंग्याचं काम एकदाच पडलं. तुडुमापुढची सगळ्यात खोल जागा शोधून तिथं खुणेचा बांबू गाडला. शून्य मोजताना दुसऱ्या बांबूच्या बुडाला लाकडी पाट ठोकला, म्हणजे गाळात जास्त रुतत नाही. पाईपचं तोंडही जवळपास त्याच पातळीला आहे. खुणेच्या बांबूवर दहा-दहा सेंटिमीटरला रंगाचे पट्टे. मैत्रिणीचे बाबा गवंडी आहेत. त्यांच्या लेव्हलच्या पारदर्शक नळीनं पट्ट्यांची उंची पाळीवरच्या दगडाशी जुळवून घेतली, म्हणजे बांबू हलला तरी पुन्हा लावता येईल.

मोठेबाबा हे सगळं पाहून म्हणाले, "एवढं कायले करता? पाणी किती आहे ते मले विचारा ना." विचारलं. म्हणाले, "लय आहे."

२ फेब्रुवारी

पाणी बरोबर २.० मीटरच्या पट्ट्यावर. पहिली मोजणी.

पाळ जवळपास सरळ आहे. ती पायारेषा धरली आणि तिच्यावर दर २० मीटरला खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीपासून काटकोनात टेप धरून दोन आकडे घेतले, जवळचा काठ आणि लांबचा काठ. त्यांची वजाबाकी म्हणजे त्या ओळीतली पाण्याची रुंदी. जवळचा आकडा घ्यावाच लागतो, कारण पाळीची आतली बाजू उतरती आहे आणि पाणी कमी झालं की तिकडचाही काठ सरकतो. दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ हा धडा मागच्या आठवड्यातच झाला होता.

रुंद्या मीटरमध्ये: ०, ३४, ५८, ७१, ७६, ६९, ५२, ३०, ०.

समलंब चौकोनांची रीत, म्हणजे ट्रॅपेझॉइडल: सगळ्यांची बेरीज ३९०, गुणिले २०, उत्तर ७८०० चौरस मीटर.

सिम्पसनची रीत: मधले एक सोडून एक चारदा, उरलेले मधले दोनदा, टोकाचे एकदा. (४ × २०४ + २ × १८६) × २० ÷ ३ = ७९२० चौरस मीटर. दोन एकराला थोडं कमी.

१२० चौरस मीटरचा फरक कुठून आला? ट्रॅपेझॉइडल दोन खुंट्यांच्या मधला काठ सरळ मानते. आमचा काठ बाहेर फुगलेला आहे, त्यामुळं प्रत्येक तुकड्यात थोडं पाणी सरळ रेषेच्या बाहेर राहतं आणि उत्तर कमी येतं. सिम्पसन तीन-तीन बिंदूंतून पॅराबोला नेते, म्हणून फुगीरपणा बराचसा पकडते.

आता सरांची अट. खऱ्या काठाचं सूत्र आमच्याकडं नाही, मग चूक कशी काढायची? आकडे वाया न घालवता एक गोष्ट करता येते. खुंट्या ४० मीटरवर होत्या असं समजून, एकाआड एक आकडे घेऊन तेच गणित पुन्हा करायचं. ट्रॅपेझॉइडल ७४४० देते. अंतर निम्मं केल्यावर ती ७८०० वर आली. अंतर निम्मं केलं की या रीतीची चूक साधारण चौथाई होते. म्हणजे ३६० ची जी सुधारणा झाली तिच्या आणखी एक तृतीयांश, १२०, बाकी आहे. ७८०० अधिक १२०, ७९२०. हा सिम्पसनचाच आकडा! मैत्रीण म्हणाली योगायोग. नाही. कागदावर मांडलं तर सिम्पसनचं सूत्र असंच तयार होतं, दोन ट्रॅपेझॉइडल उत्तरांच्या मिश्रणातून. वर्गात ते पॅराबोलातून काढून दाखवलं होतं. मला हा रस्ता जास्त पटला.

सिम्पसनलाही ४० मीटरवर पुन्हा चालवली: ७८९३. फरक २७. नियमानं याला १५ नं भागून चूक दोनच चौरस मीटर म्हणता आली असती, पण तो नियम वक्र गुळगुळीत असेल तरच. आमच्या बोडीची दोन्ही टोकं एकदम बोथट आहेत, पहिल्याच खुंटीत रुंदी शून्यावरून ३४ वर जाते. म्हणून भागाकार केला नाही, पूर्ण २७ चूक धरली.

आणि टेपचं काय? काठाला चिखल आणि बेशरमची झाडं. काठ नेमका कुठं, यात अर्ध्या मीटरची गफलत सहज होते. ती सगळीकडं एकाच बाजूला झाली तर १६० मीटर लांबीवर ८० चौरस मीटर. म्हणजे सूत्रापेक्षा टेप जास्त चुकतो. हे लिहून ठेवलं.

१३ फेब्रुवारी

वर्गात पार्ट्सनं इंटिग्रेशन, पार्शल फ्रॅक्शन, त्रिकोणमितीचं सब्स्टिट्यूशन. बसमधून येताजाता सोडवायला बरं. पण खरं सांगायचं तर ही सगळी कोडी आहेत, सुटतील अशीच बनवलेली. ई चा घात उणे क्ष वर्ग, एवढं साधं दिसणारं फंक्शन, पण त्याचं इंटिग्रल ओळखीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. असं कुठल्या फंक्शनच्या बाबतीत होतं याचा सिद्धांत लिऊविल या फ्रेंच गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडला. आमच्या बोडीच्या काठाला तर फंक्शनच नाही, नऊ आकडे आहेत.

मित्र म्हणतो, "मग हे पार्शल फ्रॅक्शन करून कोनाचं भलं होणार?" परीक्षेत आपलं, एवढं तर नक्की.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. पाणी १.५ वर. सकाळीच मोजणी उरकली, दुपारी सगळे जत्रेला. सिम्पसननं ५६५० चौरस मीटर. पाळीकडचा काठ चांगलाच सरकला, दोन आकडे घेण्याचा फायदा आज दिसला.

६ मार्च

मोठेबाबांनी उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री तुडुम पूर्ण उघडलं. दहा वाजता पट्टी १.४०, पहाटे चारला १.२०. सहा तासांत २० सेंटिमीटर. नोंदवून ठेवलं, कुठं लागेल ते अजून माहीत नाही.

९ मार्च

आज प्रकल्पाबाहेरचं काम निघालं आणि तेच सगळ्यात मजेचं ठरलं.

शेजारच्या शेतात शेततळं खोदलं. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३, बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे तळाला २४ बाय २४. पोकलेनवाल्याशी ठराव घनमीटरवर होता. त्याचं बिल २२१४ घनमीटरचं. शेजारच्या काकांनी मोठेबाबांना विचारलं, मोठेबाबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हे पोरगी पाणी मोजून रायली, हिले विचार."

पोकलेनवाल्यानं वरचं क्षेत्रफळ ९००, खालचं ५७६, दोघांची सरासरी ७३८, गुणिले ३, असं केलं होतं. यात लबाडी काही नाही. मातीकामात ही सरासरीची रीत सर्रास चालते. पण खरं घनफळ? तळापासून उ उंचीवर बाजूची लांबी २४ अधिक २उ. तिचा वर्ग करून शून्यापासून तीनपर्यंत इंटिग्रेट केला: ३० चा घन वजा २४ चा घन, भागिले ६. २७००० वजा १३८२४, म्हणजे १३१७६, भागिले ६. उत्तर २१९६.

बिलात १८ घनमीटर जास्त. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सहाच्या थोडं वर. टक्क्यांत एकाहून कमी, पण काकांना टक्के नको होते, ब्रास हवे होते.

इंटिग्रेशन दाखवून पोकलेनवाला मानेल असं वाटलं नाही, म्हणून दुसरी वाट घेतली. "मधल्या उंचीवर तळं किती रुंद आहे?" दीड मीटरवर २७. तो स्वतःच म्हणाला. २७ चा वर्ग ७२९. मग वरचं एकदा, मधलं चारदा, खालचं एकदा: ९०० + २९१६ + ५७६ = ४३९२. भागिले सहा, गुणिले तीन. २१९६. त्यानं मोबाईलवर पुन्हा करून पाहिलं आणि बिल बदललं. हेही सिम्पसनच आहे, फक्त दोनच कापांवर. इथं मागंपुढं काही नाही, उत्तर पूर्ण बरोबर, कारण काटछेदाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गापर्यंतच जातं आणि सिम्पसन घनापर्यंत अचूक असते. ही गोष्ट वर्गात एका ओळीत सांगून पुढं गेले होते.

सिम्पसन अठराव्या शतकातला इंग्रज, पण रीत त्याच्या आधीची. केप्लरनं १६१५ मध्ये दारूच्या पिंपांच्या घनफळावर पुस्तक छापलं. १६१३ मध्ये लिंझला त्याच्या दुसऱ्या लग्नासाठी दारू घेतली, तेव्हा व्यापारी पिंपात तिरकी काठी घालून भाव ठरवत होता. ते केप्लरला पटेना. जर्मन लोक या सूत्राला आजही केप्लरचा पिंपाचा नियम म्हणतात. ग्रहांच्या कक्षा शोधणारा माणूस बिलावरून अडून बसला, हे शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

१४ मार्च

धुळवड. बाहेर पडायची सोय नाही, म्हणून घरात सिरीज.

१ + १/२ + १/३ + १/४ अशी बेरीज कुठंच थांबत नाही. १३५० च्या सुमाराला फ्रान्सच्या ओरेमनं दिलेली सिद्धता दोन ओळींची: १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची आठ मिळूनही. अर्धे-अर्धे जमत जातात. पण चाल इतकी मंद की बेरीज १० च्या वर जायला १२३६७ पदं लागतात. पहिली हजार पदं मोबाईलवर बेरजून कोणी पैज लावली असती की ही कुठंतरी थांबणार, तर मीही लावली असती.

तारीख ३-१४ आहे म्हणून पायची सिरीजही घेतली. पायचा चौथा भाग = १ − १/३ + १/५ − १/७ … ही युरोपात ग्रेगरी आणि लाइबनिट्स यांच्या नावावर आहे, पण केरळातल्या संगमग्रामच्या माधवाला चौदाव्या शतकातच माहीत होती. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवानं तिची सिद्धता मल्याळममध्ये लिहून ठेवली आहे. एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. न ऐकलेलं पुढं आहे. ही सिरीज कामाला अगदी वाईट. दहा पदं घेऊन पाय ३.०४१८ येतो, पहिला दशांशही बरोबर नाही. माधवाच्या परंपरेत थांबल्यावर उरलेल्या शेपटीसाठी वेगळी दुरुस्ती आहे: जेवढी पदं घेतली त्याच्या चौपटीनं एकाला भागा, आणि शेवटचं पद वजा असेल तर ते मिळवा, अधिक असेल तर वजा करा. दहा पदांच्या बेरजेत, चौपट करण्याआधी, १/४० मिळवलं की पाय ३.१४१८. त्याहून चांगली दुरुस्ती म्हणजे पदांची संख्या भागिले (तिच्या वर्गाची चौपट अधिक एक), इथं १०/४०१. मिळवली की ३.१४१५९०. खरा ३.१४१५९३.

दहा पदांत पाचव्या दशांशापर्यंत पोचणं! आणि हे पदं वाढवून नाही, किती उरलं याचा हिशोब करून. सरांची अट त्याच जातीची आहे असं आज वाटलं. बाकी सिरीज कुठं थांबते का ते तपासायच्या रेशो टेस्ट, रूट टेस्ट पाठ करून टाकल्या. त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२३ मार्च

पाणी १.० वर. क्षेत्रफळ ३४८०.

मोठेबाबांनी आज स्वतःहून विचारलं. दोन एकरात उन्हाळी धान उभं आहे, कापणीला अजून अवकाश. "अर्धी बोडी आहे ना अजून? किती पाणी होतील?"

खालचा एक मीटर आम्ही मोजलेलाच नाही, तो पाण्याखाली आहे. तरी उत्तर देता आलं, आणि सगळ्या प्रकल्पात मला हेच आवडलं. क्षेत्रफळं खालून वर ३४८०, ५६५०, ७९२० अशी चढतात, आणि चढ वाढत जातो. बोडी परातीसारखी आहे, वर पसरत जाणारी. असा आलेख खाली झुकलेला असतो, म्हणून त्याच्या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा त्याच्या वर राहते. काठ मोजताना ट्रॅपेझॉइडल कमी देत होती, उंचीच्या बाजूनं ती जास्त देणार. तळाला क्षेत्रफळ शून्य, एक मीटरवर ३४८०. ट्रॅपेझॉइडलनं १७४० घनमीटर. खरं पाणी किती ते आज सांगता येत नाही, पण बोडीचा आकार असाच राहिला तर १७४० पेक्षा जास्त नाही हे सांगता येतं.

एक पाणी म्हणजे शेत एकदा भिजवणं. दोन एकरावर पाच सेंटिमीटर धरलं तर ४०५ घनमीटर. १७४० मध्ये चार बसतात, पाचवं बसत नाही. आणि ऊन, पाझर अजून धरलेलं नाही.

"मोठेबाबा, अर्धी नाही. चौथाईही नसेल. चार पाणी, तेही निघाले तर."

"अर्ध्याच्या खाली गेली का बोडी पळते, ते मले माहीत आहे," ते म्हणाले. "चारच? मले वाटे सहा तरी होतील." संध्याकाळी शेजारच्या काकांशी बोलून बोरच्या पाण्याचं ठरवून आले. शेततळ्याच्या बिलाचं काकांना अजून आठवत होतं, त्यामुळं भाव बरा लागला.

१२ एप्रिल

वर्गात इम्प्रॉपर इंटिग्रल. इटलीच्या तोरिचेल्लीची तुतारी करून झाली: १/क्ष चा क्ष = १ पासून पुढचा आलेख अक्षाभोवती फिरवला की घनफळ मर्यादित, पृष्ठभाग अमर्याद. सगळे वा म्हणतात, मीही म्हटलं. पण त्याच तोरिचेल्लीचं दुसरं काम आमच्या जास्त जवळचं आहे. भोकातून पाणी किती वेगानं निघतं? वर उंची उ असेल तर वेग २ × ९.८१ × उ च्या वर्गमुळाएवढा. हे त्यानं १६४४ मध्ये छापलं.

म्हणजे तुडुम उघडं ठेवलं तर बोडी किती तासांत रिकामी होईल, हेही इंटिग्रलच. क्षेत्रफळ भागिले उंचीचं वर्गमूळ, शून्यापासून दोनपर्यंत. उंची शून्य झाली की छेद शून्य, म्हणून इम्प्रॉपर. सपाट तळाच्या शेततळ्यात तर खरंच अंश ५७६ आणि छेद शून्याकडं. तरी इंटिग्रल मर्यादित येतं, कारण १ भागिले वर्गमूळ याचं इंटिग्रल वर्गमूळाच्या दुप्पट, आणि ते शून्याला शून्य. तळं रिकामं होतं हे सगळ्यांना माहीत आहेच. गणितालाही ते मान्य आहे, एवढं तपासलं.

बोडीसाठी आतापर्यंतच्या आकड्यांवरून क्षेत्रफळ = ३००० उ + ४८० उ² असं बसवलं. मोजलेल्या आकड्यांपासून फार लांब जात नाही. वर्गमूळानं भागून इंटिग्रेट केलं की ६७४३. सहा इंची पाईपचं तोंड ०.०१७७ चौरस मीटर, त्याला गुणक ०.६ (धारदार काठाच्या भोकासाठी साधारण हाच धरतात). उत्तर सुमारे ४० तास.

आता ६ मार्चची नोंद कामी आली. याच सूत्रानं १.४० पासून सहा तासांत २५ सेंटिमीटर उतरायला हवं होतं, उतरलं २०. भोक नुसतं भोक नाही, पाळीखालून गेलेला लांब पाईप आहे, आत घासण होते, तोंडाशी बेशरमच्या काड्या. उलटं गणित करून गुणक ०.४९ निघाला. मग रिकामी व्हायला ४९ तास. अहवालात ४९ दिला आणि ०.६ का सोडला ते लिहिलं.

२७ एप्रिल

पाणी ०.५ वर. ऊन असं की टेप हातात धरवत नाही. १५४० चौरस मीटर. ढीवरकाका मासे काढायला थांबले होते, आमची मोजणी होईपर्यंत जाळं टाकलं नाही.

पाच क्षेत्रफळं झाली: ०, १५४०, ३४८०, ५६५०, ७९२०. सिम्पसन: (० + ७९२० + ४ × ७१९० + २ × ३४८०) × ०.५ ÷ ३ = ७२७३ घनमीटर. ट्रॅपेझॉइडल ७३१५, मार्चात म्हटल्याप्रमाणं जास्तच. फक्त एकेक मीटरचे आकडे घेतले तर सिम्पसन ७२८०. म्हणजे सूत्राची चूक सातच्या आसपास. टेपची मात्र प्रत्येक पातळीला ८० पर्यंत, दोन मीटर उंचीवर १६०. अहवालात: ७२७० घनमीटर, मागंपुढं १६०. बाहत्तर लाख सत्तर हजार लिटर.

खालचा एक मीटर: (४ × १५४० + ३४८०) × ०.५ ÷ ३ = १६०७. मार्चात दिलेल्या १७४० च्या आत. एकूण पाण्याच्या बावीस टक्के, बांबूवर अर्धं दिसत असताना.

१२ मे

अहवाल दिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी रुंद्यांचा तक्ता पाहिला आणि विचारलं, टोकाला २० ऐवजी ५ मीटरवर खुंट्या का नाही ठोकल्या? ठोकायला हव्या, बोथट टोकांवर तेच करायचं. अंतर सारखं नसेल तर प्रत्येक भागाला सिम्पसन वेगळी चालवायची. मित्रानं फळ्यावर करून दाखवलं. रिडक्शन फॉर्म्युल्यावर एकही प्रश्न नाही. लेखी पेपरात तो असणारच, त्यामुळं आता पंधरा दिवस तेवढंच.

मोठेबाबांना अहवाल नको, तक्ता पाहिजे. बांबूवर किती, तर बोडीत किती. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात करून दिला:

०.५ मीटर: ३८५ घनमीटरच्या आत
१.० मीटर: १६००
१.५ मीटर: ३८८०
२.० मीटर: ७२७०

१.५ चा आकडा सिम्पसनच्या तीन अष्टमांश नियमानं, कारण तिथं काप तीन पडतात, आणि साधी सिम्पसन काप सम असतील तरच चालते. ०.५ ला मध्ये बिंदूच नाही, म्हणून वरची मर्यादा तेवढी दिली.

मोठेबाबांनी पुठ्ठा उलटसुलट पाहिला. "सांडव्यापर्यंत २.६ भरते बोडी. ते कुठं आहे?"

३००० उ + ४८० उ² मध्ये २.६ घातलं की काहीतरी आकडा येतो. पण ते सूत्र दोन मीटरपर्यंतच बसवलेलं आहे. त्याच्या वर काठ धुऱ्यावरून पलीकडच्या बांधीत शिरतो आणि बोडीचा आकारच बदलतो. २.६ ची ओळ आखून रिकामी ठेवली. पावसाळा सरल्यावर, सांडवा बंद झाला की वरून खाली मोजत यायचं. टेप मैत्रिणीच्या बाबांकडं आहे, बांबू तिथंच राहू दिला.